सगळ्या बायांचा रक्तगट एकच

२३ सप्टेंबर २०२४, रिसोड

आज वीरेंद्र सर गेले. परवा पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचंय त्यांना. जाताना माझ्या टेबलावर थाप मारून म्हणाले, "सुकेशनी, आता राज्य तुझं."

राज्य म्हणजे काय ते एकदा नीट लिहून ठेवते. आमची संस्था तांड्यांवरच्या गरोदर बायांच्या नोंदी ठेवते. दिवाळी झाली की तांडेच्या तांडे ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. तिकडे बाळंतपणाची वेळ आली तर डॉक्टरला काहीच माहीत नसतं. ही कोण, मागच्या वेळी काय झालं, रक्तगट कोणता. आमच्या ॲपमध्ये बाईचा मोबाईल नंबर टाकला की सगळं समोर येतं. नऊ हजारांच्या वर बाया आहेत त्यात.

ऑगस्टपर्यंत हे सगळं औषधांच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर होतं. विजेच्या कडकडाटात तो जळाला आणि चार दिवसांच्या नोंदी गेल्या. मग सरांनी उरलेलं सगळं क्लाऊडवर नेलं. म्हणजे आता डेटाबेस इथे नाही, मुंबईकडच्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या इमारतीत आहे. आपण इथून चालवायचा.

मी इथे माहिती भरायला लागले होते. वाशीमच्या कॉलेजची बी.एस्सी. कॉम्प्युटर. आज सरांनी तासभर सगळं शिकवलं. मध्ये त्यांना बरेच फोन आले, त्यामुळे थोडं राहिलं. पण म्हणाले, कधीही फोन कर. एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हणणं सोपं नाही.

२६ सप्टेंबर

ललिताबाईंनी बोलावलं. संस्था त्यांनीच उभी केली, सरकारी नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर. खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, "मले एक सांग. क्लाऊड क्लाऊड करून राह्यली तू. ते हाय कोठी? कोणाच्या घरी?"

मी म्हटलं, "बाई, बाजार समितीजवळ आपण गोदाम भाड्यानं घेतो ना, तसं. इमारत त्यांची, वीज त्यांची, पहारा त्यांचा. पण कुलूप आपलं. आत काय ठेवलं, कसं ठेवलं, ते बघायचं काम आपलं."

"अन् कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे हायत?"

बघून सांगते म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

९ ऑक्टोबर

आज किल्ल्या बघायला बसले.

एकच नाव, एकच पासवर्ड. ॲपही त्यानंच आत जातं, सरही त्यानंच जात होते, मीही. पंखे दुरुस्त करायला आलेल्या माणसानं मागितला असता तर त्यालाही तोच दिला असता आम्ही. दुसरं म्हणजे डेटाबेसचं दार जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला ठोठावता येईल असं उघडं. आतापर्यंत कोण कोण ठोठावून गेलं ते त्याच्या रोजनाम्यात दिसतं. अनोळखी कॉम्प्युटरचे पत्ते, एकामागून एक. कोणी आत शिरलं नाही, पासवर्ड लांबलचक होता म्हणून.

कंपनीचं माहितीपत्रक दुपारपर्यंत वाचत बसले. इंग्रजी जड जातं, दोनदा-तीनदा वाचावं लागतं. मग दार बंद केलं. आता आमचं ॲप आणि आमचं ऑफिस, एवढ्यांनाच आत येता येतं. ॲपला वेगळं नाव दिलं, त्याला नोंद बघणं आणि भरणं एवढीच परवानगी. पुसण्याची नाही.

ॲप उघडलं, चाललं.

सर घाईत होते तेव्हा. राहून गेलं असेल.

१२ ऑक्टोबर

आई-बाबा दीक्षाभूमीला गेलेत, घरी मी एकटीच. सरांचा फोन आला! मला वाटलं दसऱ्याचा.

"सुकेशनी, मला आत जाता येईना. तू कुलूप लावलंस की काय?"

मी दाराचं सांगितलं. हसले. "तू फार पुस्तकी आहेस गं. आणि मी काय परका झालो?"

मला इतकी लाज वाटली. ज्यांनी बांधलं त्यांनाच बाहेर ठेवलं मी. लगेच त्यांच्या पुण्याच्या कॉम्प्युटरच्या पत्त्याला दार उघडून दिलं आणि सगळ्या परवानग्याही दिल्या. फक्त नाव वेगळं केलं, त्यांचं स्वतःचं. सगळ्यांनी एकाच नावानं आत शिरायचं हे मला पटत नाही.

दिवसभर बरं वाटत राहिलं.

२८ ऑक्टोबर

हा आठवडा बॅकअपच्या मागे गेला.

सर म्हणाले होते, "कंपनी रोज बॅकअप घेते, तू टेन्शन घेऊ नकोस." पण घेतलेला बॅकअप परत उभा राहतो का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर विचारलं, तर सर म्हणाले, "आजवर कधी गरज पडली का? काही होत नाही." त्यांनीही पाहिलेलं नाही असं दिसतं. अर्थात त्यांच्याकडे कामं किती.

पाहिलं तर बॅकअप एकच दिवस टिकेल असं लावलेलं. म्हणजे आज काही बिघडलं आणि परवा कळलं, तर संपलं. ते चौदा दिवस केलं. मग उभा करायचा प्रयत्न केला. जुनी स्थिती मूळ डेटाबेसवर येऊन बसत नाही, शेजारी नवा डेटाबेस उभा राहतो, जुन्याला धक्का न लावता. हे मला ठाऊकच नव्हतं. मी तासभर मूळ जागेकडेच बघत बसले की बदल का होत नाही म्हणून.

दुसऱ्या वेळी जमलं. शेजारी दुसरा डेटाबेस उभा. काल दुपारी जसा होता तसाच्या तसा, माझ्या एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट. उघडून पाहिला, मग पुसून टाकला. ठरवलंय, हे दर महिन्याला करायचं.

८ नोव्हेंबर

हेमसिंगभाऊंबरोबर अनसिंगकडच्या तांड्यावर गेले. हेमसिंगभाऊ तिथलेच. संस्थेची जीप चालवतात आणि त्या भागाच्या नोंदीही तेच बघतात. तांड्यावर ट्रक लागलेला. भांडी, कोंबड्या, गोधड्या, सगळं वर चढत होतं.

रूपा नावाची एक पोरगी भेटली, माझ्यापेक्षा लहान असेल. दुसऱ्यांदा गरोदर, दिवस जानेवारीच्या शेवटी. रक्तगट ओ निगेटिव्ह. मागच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, कशीबशी वाचली. मी म्हटलं, "अशा वेळी कशाला जातेस?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "माझ्याबिगर कोयता पुरा होत नाई. जोडी मोजते मुकादम." ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

तिची सासू रामीबाई ट्रकाजवळ उभी राहून हे सगळं ऐकत होती. पुढे आली. "तुमच्या मोबाईलात लिवून काय होते? तिकडचा डॉक्टर आमाले वळखते काय?"

"तो डॉक्टर हेच उघडून बघेल, मावशी. तुम्ही नाही बोललात तरी त्याला कळेल की हिला आधीपासून कोणतं रक्त आणून ठेवायचं."

"अन् त्यात खोटं निघालं तं?"

"नाही निघणार," मी म्हटलं.

रूपाच्या नोंदीतला प्रत्येक रकाना मी स्वतः भरला. तिच्या तपासणीचा कागद हातात घेऊन दोनदा ताडून पाहिला. ट्रक हलला तेव्हा ती मागे बसून हात हलवत होती.

३ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. जागा भरत आल्याचा इशारा आला होता, जुने रोजनामे काढून टाकले, सुटलं. बॅकअपची महिन्याची उजळणी केली.

कधी कधी वाटतं, हे काम खऱ्या शिकलेल्या माणसाचं आहे आणि मी त्याच्या जागेवर बसून राह्यले. मी सरांना तीन प्रश्न पाठवले होते. दोहोंची उत्तरं मीच शोधली. तिसऱ्यावर त्यांनी अंगठा पाठवला. प्रश्न 'हे की ते' असा होता.

२० जानेवारी २०२५

आजचं सगळं लिहायचंय, काही सुटायला नको.

काल मावसबहिणीचं साक्षगंध होतं रिठदला, म्हणून मी सुट्टीवर होते. आज सकाळी ऑफिस उघडून झाडत होते तोच हेमसिंगभाऊंचा फोन.

"ताई, आपल्या तांड्यातल्या साऱ्या बाया बी पॉझिटिव्ह हायत काय?"

"म्हणजे?"

"मी सकाळपासून चार नावं उघडली. चौघींचं बी पॉझिटिव्ह. माझ्या बायकोचंबी. तिचं तं ए हाय. मीच नेलं होतं तिले तपासाले."

झाडू तिथेच टाकला. डेटाबेसला विचारलं, कोणत्या रक्तगटाच्या किती बाया आहेत. एरवी आठ गटांच्या आठ ओळी येतात. आज एकच आली. नऊ हजारांच्या वर बाया आणि रक्तगट एक.

पहिला फोन सरांना केला. उचलला नाही. परत केला. कापला. 'मीटिंग' असा निरोप आला.

मग लक्षात आलं की मी फोन लावतेय तेवढ्या वेळात तिकडे कोणी तरी हे चुकीचं बघत असेल. ललिताबाई नुकत्याच आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, ॲप बंद करते. आत्ता."

"बंद? ऐन हंगामात? तिकडचे दवाखाने आपल्या भरोशावर हायत!"

"म्हणूनच. बंद दिसलं तर ते आपलं आपण तपासतील. बी पॉझिटिव्ह दिसलं तर तयारी बी पॉझिटिव्हचीच करून ठेवतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या मोठ्यानं त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "कर," म्हणाल्या.

ॲप बंद केलं. उघडणाऱ्याला एवढंच दिसेल असं लावलं: 'नोंदींत चूक झाली आहे. कालपासून पाहिलेल्या रक्तगटावर विसंबू नका. फोन करा.' खाली माझा नंबर टाकला. नवे बदल होऊ नयेत म्हणून लिहिण्याची परवानगी सगळ्यांची काढून घेतली.

मग डेटाबेसचा रोजनामा काढला. काल संध्याकाळी एक हुकूम गेलेला, रक्तगट बी पॉझिटिव्ह करा म्हणून. कोणाचा, ही अट हुकमात नव्हतीच. अट नसली की डेटाबेस विचारत नाही, तो सगळ्यांचा करतो. हुकमापुढे नाव होतं. वीरेंद्र सरांचं.

मी ते नाव वाचत राहिले. मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "मीच सांगतलं त्याले. एका बाईचा रक्तगट चुकला होता. तू साक्षगंधाले गेली होती, म्हटलं पोट्टीले एक दिवस तरी कायले सतवा." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बोलायला वेळ नव्हता. काल संध्याकाळच्या त्या हुकमाच्या मिनिटभर आधीचा डेटाबेस शेजारी उभा करायला लावला. त्याला वेळ लागतो, त्याला घाई करता येत नाही. तोवर ॲपचा रोजनामा घेतला. काल संध्याकाळपासून कोणी कोणाची नोंद उघडली ते त्यात असतं. हेमसिंगभाऊ तोवर जीप घेऊन आलेच होते. अर्धी नावं त्यांना दिली, अर्धी मी घेतली, आणि फोन लावत सुटलो.

माझ्या वाट्याला रूपाचं नाव आलं.

कोल्हापूरकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातून आज सकाळीच तिची नोंद उघडली होती. तिथल्या सिस्टरनं फोन घेतला. "हो, पहाटे दाखल झालीय. कळा आहेत. बी पॉझिटिव्ह, लिहून घेतलंय. त्या गटाचं रक्त आहे आमच्याकडे."

"ते खोडा, सिस्टर. चूक आहे."

"मग बरोबर काय?"

मला आठवत होतं. तिचा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. पण आज आठवणीवर कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, "तुम्ही ताबडतोब तपासायला घ्या. निगेटिव्ह निघेल असं धरून चला. मागच्या वेळी हिला खूप रक्तस्राव झाला होता. मी मूळ नोंद बघून लगेच फोन करते."

डॉक्टरांनी फोन घेतला. "मॅडम, ॲप तुमचंच आणि तुम्हीच म्हणता खोटं आहे. आम्ही धरायचं काय?"

"सध्या काहीच धरू नका, सर. मी परत फोन करते."

ते चिडून काही तरी म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

शेजारचा डेटाबेस उभा राहिला. आधी तो प्रश्न विचारला, कोणत्या गटाच्या किती. आठ ओळी आल्या. मी टेबलावर डोकं टेकलं, बाईंना वाटलं मला घेरी आली. मग रूपाचं नाव काढलं. ओ निगेटिव्ह. फोन लावला तर सिस्टरनंच उचलला. "आमच्या तपासणीतही तेच आलं. आमच्याकडे नाही, शहरातून मागवलंय. गाडी निघाली."

पुढचं काम बेताबेतानं केलं. जुनी स्थिती अख्खी परत आणली असती, तर काल संध्याकाळनंतर नोंदवलेल्या नव्या बाया गेल्या असत्या. म्हणून जुन्या डेटाबेसमधून रक्तगटाचा तेवढा रकाना घेतला, प्रत्येक बाईचा तिच्या तिच्या क्रमांकाशी जुळवून. आधी तालमीच्या डेटाबेसवर, म्हणजे सरावासाठी केलेल्या नकलेवर, करून पाहिलं, मग खऱ्यावर. अट आधी लिहिली, हुकूम नंतर. हेमसिंगभाऊंनी माझ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या तांड्याची नावं एकेक करून उघडली. "आता बरोबर हाय. बायकोचं ए." ॲप सुरू केलं.

आम्ही फोन उरकले तेव्हा दुपार टळून गेली होती. कोणाला चुकीचं रक्त चढलं नव्हतं. तिकडचे डॉक्टर चढवण्याआधी स्वतः तपासतातच. पण दोन ठिकाणी तयारी चुकीची झाली होती. रूपाच्या तिथे, आणि आणखी एकीच्या.

त्यानंतर सरांचा फोन आला. "पेज रिफ्रेश करून बघ, काही नसेल." मी रोजनाम्यातलं वाचून दाखवलं. "अरे यार. अट राहिली वाटतं. पण बॅकअप आहे ना?"

"आहे."

"मग! म्हटलं होतं ना, काही होत नाही. आणि ऐक, हे उगाच सगळीकडे सांगू नकोस. माझ्या कंपनीपर्यंत जायला नको."

खूप थकले आहे. त्यांनी रूपाचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही बहुधा, म्हणून.

२२ जानेवारी

रूपाला मुलगी झाली. परवा संध्याकाळी. बाळंत झाल्यावर रक्त थांबेना, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. रक्त खाटेशेजारी तयार होतं. मुलीचा गट पॉझिटिव्ह निघाला, म्हणून रूपाला अँटी-डीचं इंजेक्शनही वेळेत दिलं, पुढच्या बाळंतपणाला धोका नको म्हणून.

आज तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवरून ती बोलली. "ताई, मी हाय." एवढंच म्हणाली. मग फोन रामीबाईंनी घेतला आणि ठेवून दिला.

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

२४ जानेवारी

आज दोन कामं केली. दोन्ही अवघड.

बाईंचं म्हणणं होतं की झालं ते झालं, निस्तरलं, आता तांड्यांत सांगायला नको. "भरोसा उडते, सुकेशनी. वीस वर्षं लागली मले तो कमवाले."

मी म्हटलं, "बाई, आपण सांगितलं नाही आणि त्यांना दुसऱ्याकडून कळलं, तर?" मी पुढे म्हटलं, "ते लोक परत आले की मी स्वतः जाऊन सांगते. शिव्या मला बसू द्या."

"शिव्या माझ्याबी हायत त्यात," त्या म्हणाल्या. एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत.

दुसरं काम सरांचं. त्यांच्या परवानग्या काढल्या, पुण्याच्या पत्त्याचं दार बंद केलं आणि मग फोन करून सांगितलं. करून मग सांगितलं, विचारून नाही.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"सर, विश्वासाचं नाही. तुम्ही आता इथे काम करत नाही. मीही उद्या गेले तर माझीही काढायची."

"मी तुला सगळं शिकवलं, सुकेशनी."

"हो," म्हटलं.

"उद्या अडलीस की मग कोणाला फोन करशील?"

त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या उपकारांचं देणं असं फेडायला नको होतं, असं अर्धा दिवस वाटत राहिलं. पण दार उघडलं नाही.

बाईंनाही सांगितलं, यापुढे साधी दुरुस्तीही कागदावर माझ्याकडे येईल, मी सुट्टीवर असले तर एक दिवस थांबेल. आणि मी केलेला प्रत्येक बदल चालवायच्या आधी दुसरं कोणी तरी वाचेल. "मीच वाचते," बाई म्हणाल्या. "मले कळो न कळो, 'कोणाचा' ते लिवलं का, एवढं तं पाहीन."

तेवढंच पुरे आहे खरं तर.

१२ एप्रिल

तांडा परतला. हेमसिंगभाऊ आणि मी गेलो. बाई पण आल्या, उन्हात, नको म्हटलं तरी.

बाया लिंबाखाली जमल्या. मी उभी राहून सगळं सांगितलं. एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत तुमच्या सगळ्यांच्या नावापुढे खोटा रक्तगट होता. चूक आमच्या माणसाची. ती कळायलाही वेळ लागला. नंतर सगळं पूर्ववत केलं, पण तेवढा वेळ ते खोटं होतं. हेमसिंगभाऊ त्यांच्या बोलीत परत सांगत गेले.

रामीबाई उठल्या. "मी तुले विचारलं होतं, खोटं निघालं तं? तू काय म्हणली होती?"

"नाही निघणार म्हटलं होतं."

"मंग?"

"मावशी, असं म्हणायलाच नको होतं मी."

त्यांनी मला बरंच सुनावलं. तांड्याच्या बायांना कोणीही काहीही सांगतं, यंत्र दाखवतं, पोरीचा जीव जात होता. मी उभीच राहिले. हेमसिंगभाऊ मध्ये पडू पाहत होते, त्यांना बाईंनी हातानं थांबवलं. रामीबाई बोलून दमल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दवाखान्यातून कोणी असं सांगाले येत नाई कधी." मग निघून गेल्या. ते चांगल्या अर्थानं होतं की वाईट, मला अजून कळलेलं नाही.

दोघी-तिघींनी नावं काढून टाका म्हटलं. काढली. त्यांचा हक्क आहे.

जाताना रूपा जीपपर्यंत आली, मुलगी खांद्यावर. "ताई, परत असं झालं तं फोन कोण लावीन?"

"मी."

"अन् तू नसली तं?"

जीपमध्ये वाशीम येईपर्यंत मी त्यावरच विचार करत होते. त्या दिवशी मी अजून एक दिवस रिठदला राहिले असते तर?

३ मे

बाईंनी दुसरं माणूस घ्यायला होकार दिला. निकिता नाव. मालेगावची, डिप्लोमा झालेली. बोटं भरभर चालतात, बोलते कमी. आज तिचा पहिला दिवस.

मी तिला गोदामाचं सांगितलं, किल्ल्यांचं सांगितलं, कोणाकडे कोणती आणि का. तिच्या किल्लीनं काय करता येतं आणि काय नाही. तिनं विचारलं, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आधीच्या वीरेंद्र सरांनी," मी म्हटलं. आणि मग आठवून बघायला लागले, यातलं नेमकं काय त्यांनी शिकवलं. तिनं पुढचा प्रश्न विचारला, म्हणून ते तिथेच राहिलं.

दुपारी तालमीचा डेटाबेस उघडून दिला. खऱ्याची हुबेहूब नक्कल, नावं फक्त बदललेली. म्हटलं, "आता यातली बायांची सगळी नोंद पुसून टाक."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळी?"

"सगळी."

"ताई, पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी. मग परत उभी कर. कसं ते कंपनीच्या माहितीपत्रकात आहे, इंग्रजी जड जाईल, दोनदा वाच. मी इथे बसणार नाही."

तिचं बोट कळीवर अडकलेलं. मग तिनं ती दाबली, आणि पडदा रिकामा झाला.

मी उठले, पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर गेले. हेमसिंगभाऊ जीपचं चाक बदलत होते. त्यांना पाना धरून दिला. आतून हाक येते का म्हणून कान दारापाशीच होते. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हाक आली नाही. चाक बसलं, ऊन पायरीपर्यंत आलं, भाऊंनी हात पुसून चहाला चला म्हटलं.

"तुमी जा," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांबा, मीबी येते."

माझा फोन आत टेबलावर राहिला होता. राहू दिला.